दुधाच्या दाढेच्या पल्पॉटॉमीसाठी एमटीए चांगलं की बायोडेंटिन? फॉर्मोक्रेसॉल चालेल का?

पल्पॉटॉमी म्हणजे दाढेच्या वरच्या भागातला पल्प, म्हणजे नस, काढायची आणि मुळातली जिवंत ठेवून तिच्यावर औषध ठेवायचं. एमटीए आणि बायोडेंटिन यांपैकी तुमच्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते घ्या. दोन्ही नसेवर ठेवायची कॅल्शियम सिलिकेटचीच सिमेंटं, निकालही जवळपास सारखे. एमटीए घट्ट व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात, बायोडेंटिनला साधारण 12 मिनिटं. एमटीएमधल्या बिस्मथ ऑक्साइडमुळे दात काळपट पडू शकतो, पण दाढेवर कॅप बसणार असेल तर रंगाची चिंता कशाला?

खरं तर लोक औषधाच्या नावावर अडतात तेव्हा मला राग येतो. मुलांची दंतवैद्य म्हणून सुरुवातीला ज्या क्लिनिकमध्ये होते, तिथले सर पालकांना म्हणायचे, "पडणाराच दात, त्याला कॅप कशाला?" पाच वर्षांच्या एका मुलीची खालची दुसरी दाढ होती. कीड दाताच्या आतल्या नसेला पोचलेली, पण रात्रीचं ठणकणं नव्हतं, सूज नव्हती. वरचा पल्प काढला, ओल्या कापसाने दाबून धरलं, रक्त लगेच थांबलं. म्हणजे मुळातली नस जिवंत आणि चांगली. एमटीए ठेवलं, त्यावर ग्लास आयोनोमर हे भरायचं सिमेंट, आणि वडिलांना सांगितलं की स्टीलची कॅप लगेच बसवायची. सरांनी बाहेर त्यांना सांगितलं, एवढं भरलंय तेवढं पुरे. काही महिन्यांनी मुलगी आली ती हिरडीवर पुवाचा फोड घेऊन. भरलेलं एका कडेने तुटलं होतं आणि लाळ आत जात होती. दाढ काढावी लागली. त्या वयात मागची पहिली कायमची दाढ अजून यायची असते. ती येताना पुढे सरकू नये म्हणून जागा राखणारं उपकरण बसवावं लागलं. आणि सर सगळ्यांना सांगत राहिले, "बघा, एमटीए फेल गेलं."

एमटीए फेल गेलं नव्हतं. वरून बंद न केलेला दात फेल गेला होता. तिथे बायोडेंटिन असतं तरी हेच झालं असतं. म्हणून डॉक्टरांना औषधाच्या आधी हे विचारा की कॅप त्याच दिवशी बसवणार का.

फॉर्मोक्रेसॉल हे नसेवर लावायचं जुनं औषध 1904 पासून वापरात आहे आणि त्याचे निकाल वाईट नाहीत. अमेरिकेच्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने 2017 मध्येही एमटीएबरोबर त्याची शिफारस केली होती. पण त्यात फॉर्मल्डिहाइड आहे, ज्याला 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणारं म्हटलं. दातात जातं ते अगदी थोडं, तरी दुसरं हाताशी असताना मी ते मुलाच्या तोंडात ठेवत नाही. आणि पल्पॉटॉमीला नुसतं कॅल्शियम हायड्रॉक्साइड ठेवणार असतील तर सरळ नाही म्हणा. दुधाच्या दाताचं मूळ त्याने आतून विरघळायला लागतं.

हे सगळं नस जिवंत असेल तरच. मूल रात्री आपोआप दुखून उठत असेल, किंवा काही मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल, तर पल्पॉटॉमीचा प्रश्नच उरत नाही. मग पल्पेक्टॉमी, म्हणजे मुळातली नसही पूर्ण काढणं, आणि त्यात भरायचं सामान वेगळं, मुळाबरोबर विरघळणारं. एक्स-रेत मूळ बरंच झिजलेलं दिसलं तर मात्र दाढ काढलेलीच बरी, तिथे "पडणाराच दात" हे सरांचं म्हणणं मलाही मान्य आहे.