ते दारू पीत नाहीत मॅडम, ते घोड्यांचा अभ्यास करतात

"मॅडम, हे दारू पीत नाहीत, तंबाखूला हात लावत नाहीत, रात्री बारा-बारा वाजेपर्यंत वही-पेन घेऊन बसायलेत. लेकराला वाटायलंय पप्पा कुठल्या परीक्षेला बसायलेत. मग मी माहेरी सांगू तरी काय?"

दोन वर्षांपूर्वी, श्रावण होता, लोह्याकडच्या एक ताई नांदेडला माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा त्यांचं हे पहिलंच वाक्य होतं आणि मला ते अजून जसंच्या तसं आठवतं, कारण त्यानंतर किती तरी बायकांनी, आयांनी, एकदा तर एका सासऱ्यांनी मला हेच वेगळ्या शब्दांत विचारलंय. आमचा माणूस आंधळेपणानं पैसे लावत नाही, अभ्यास करून लावतो, मग त्याला व्यसन कसं म्हणायचं? म्हणून त्या दोघांची परवानगी घेऊन, ओळख पटेल असं सगळं बदलून, हे लिहिते.

ताईंचे मालक, त्यांना मी भाऊ म्हणते, त्यांचं कृषी सेवा केंद्र. बी-बियाणं, खत, औषधं. दुकान चांगलं चाललेलं. ताईंना कळलं ते गंठणामुळं, बहिणीच्या लग्नात घालायला म्हणून काढायला गेल्या तर डबी रिकामी, आणि मग एकातून एक निघत गेलं: गंठण गोल्ड लोनवर, बियाणं कंपनीचं पेमेंट थकलेलं, मेव्हण्याकडून "ट्रॅक्टरच्या हप्त्याला" म्हणून घेतलेले दीड लाख. चौदा महिन्यांत घोड्यांच्या रेसवर नऊ लाखांच्या वर गेले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

भाऊ पहिल्या वेळी आले ते रागातच आले. बसायच्या आधी मोबाईल माझ्यापुढं धरला, बातमीचा फोटो होता, सुप्रीम कोर्टानं 1996 साली सांगितलंय की घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, नशिबाचा नाही. "वाचा मॅडम. मी जुगारी नाही." मी वाचलं आणि म्हटलं, बरोबर आहे, कोर्टानं तसं म्हटलंय. त्यांना वाटलं होतं मी वाद घालीन. मग मी म्हटलं, मला यातलं काही कळत नाही, तुम्ही शिकवा, पुढच्या वेळी तुमची वही घेऊन या.

हे मी मुद्दाम करते. ज्या माणसाला सगळ्या घरानं "जुगारी" म्हणून एका बाजूला बसवलंय, त्याला अजून एका खुर्चीतून तेच ऐकवून काही होत नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी खरंच शिकवलं, आणि खोटं कशाला बोलू, तो तास मला आवडला. पुण्याचा सीझन पावसाळ्यात, साधारण जुलै ते ऑक्टोबर, मग हिवाळ्यात मुंबई महालक्ष्मी, शिवाय हैदराबाद, बंगलोर, म्हैसूर, चेन्नई, कलकत्ता. रेसबुकात प्रत्येक घोड्यापुढं मागच्या रेसमध्ये कितवा आला, जॉकी कोण, ट्रेनर कोण, पाठीवर किती किलो वजन, गेटमधला ड्रॉ, म्हणजे सुटायची जागा, कितवा. हजार-बाराशे मीटरला गेटमधून झटकन सुटणारा घोडा बघायचा, दोन हजारच्या वर गेलं की दम बघायचा. वरच्या क्लासमधून खाली आलेला घोडा असला तर वहीत चौकोन. पुण्यात पाऊस लागला की ट्रॅक जड होतो, मग कोरड्यात पळालेल्याचं टायमिंग धरायचं नाही. सकाळच्या ट्रॅकवर्कचे, म्हणजे सरावाचे, आकडे वेगळे. माणूस हुशार होता. डोळे चमकत होते बोलताना, आणि मला वाटलं की हे असं कौतुकानं ऐकणारं त्यांना गेल्या वर्षभरात कुणी भेटलंच नसणार, बुकी सोडून.

मग मी विचारलं, हे हँडिकॅप काय असतं? ते म्हणाले, चांगल्या घोड्यावर जास्त वजन चढवायचं, कच्च्या घोड्यावर कमी, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. म्हटलं, म्हणजे क्लबनं पगार देऊन एक माणूस बसवलाय आणि त्याचं कामच हे की सगळे घोडे एका रेषेत यावेत, कुणालाच आधी सांगता येऊ नये?

ते थांबले. "हाव," म्हणाले, "तसंच म्हणा की."

आणि भाव? फेव्हरिटचा, म्हणजे जिंकेल असं बहुतेकांना वाटतं त्या घोड्याचा, भाव (जिंकल्यावर पैजेच्या किती पट मिळणार तो) कमी का? कारण जे तुम्ही वहीत लिहिलंय तेच पुण्या-मुंबईतल्या हजारो लोकांनी वाचलंय, त्यांनी पैसे लावले म्हणून भाव खाली आला. टोटवर, म्हणजे क्लबच्याच पैजेच्या खिडकीवर, तर सगळ्यांचे पैसे एका ठिकाणी गोळा होतात, त्यातून क्लबचा वाटा आणि कर जातो आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे भाऊंचा अभ्यास घोड्याशी नाही, इतरांच्या अभ्यासाशी लागलेला, आणि मधून कापून घेणारे वेगळेच. तेव्हा पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झालाय. शिवाय जिंकलेल्यावर 30 टक्के इन्कम टॅक्स, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. कौशल्य खरं असलं तरी एवढं ओझं पाठीवर घेऊन कोण पळणार.

भाऊ लगेच म्हणाले, "म्हणून तर मी फोनवर लावतो, बुकीकडं जीएसटी नाही." हीच तर मेख आहे. कोर्टानं ज्याला कौशल्य म्हटलं ती पैज रेसकोर्सच्या आवारातली, आपल्याकडच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्यातली सूटसुद्धा तेवढ्यापुरतीच. नांदेडात बसून फोनवरच्या बुकीकडं लावणं हा सरळ गुन्हा आहे, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे तो उधारीवर घेतो. खिशातून नोट जात नाही, नुसता आवाज जातो, "सात नंबर, पाच हजार", आणि सोमवारी हिशोब.

आता वहीबद्दल. हे जरा निवांत सांगते कारण सगळं त्या वहीतच होतं.

दोनशे पानी वही, लेकराच्या शाळेची उरलेली, वर प्लॅस्टिकचं कव्हर. रेसच्या दिवशी सकाळी भाऊ निळ्या पेनानं लिहायचे, अक्षर मोत्यासारखं. आजच्या आठ रेसपैकी कुठल्या दोन-तीनच खेळायच्या, कुठला घोडा, विन (पहिला येणार) का प्लेस (पहिल्या काहींत येणार), किती. प्रत्येकी पाचशे, कधी त्याच्या वर नाही. बाकीच्या रेसपुढं स्वतःच लिहिलेलं: "सोडणे". काळजीपूर्वक, कारणासकट, "फार घोडे, अंदाज नाही, सोडणे". आणि संध्याकाळी प्रत्यक्ष काय लावलं ते लाल पेनानं, कारण बुकीशी सोमवारी ताळा करायचा असायचा.

आम्ही दोघांनी मिळून नऊ रेसदिवस काढले आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. निळ्यातल्या पैजा 22, लागले अकरा हजार, त्यातल्या सात आल्या, परत आले 8,900. तोटा 2,100. जगभर फेव्हरिट घोडेही साधारण तीनातला एकच येतो, त्यामुळं भाऊंचा अंदाज काही वाईट नव्हता. मग फक्त लालमधल्या, म्हणजे सकाळी ज्यांचा विचारच केला नव्हता किंवा "सोडणे" लिहिलं होतं अशा पैजा 41. तोटा 1,86,500.

भाऊंनी बेरीज तीनदा केली.

मग मी त्यांना आकडे सोडून नुसतं अक्षर बघायला सांगितलं. पहिल्या, दुसऱ्या रेसपर्यंत लाल अक्षरही सरळ आहे. तिसऱ्यानंतर ते तिरपं होतं, मग मोठं होतं, शेवटच्या रेसला तर घोड्याचं नावसुद्धा नाही, नुसता नंबर आणि पुढं 20,000, पेन इतकं दाबलेलं की मागच्या पानावर उठलंय. दोन रेसमध्ये साधारण अर्धा तास असतो. सकाळी ज्या माणसानं एका घोड्यासाठी दोन तास दिले तोच संध्याकाळी अर्ध्या तासात, बुकीचा फोन कानाला लावून, अनोळखी नंबरवर वीस हजार लावत होता. "काय चाललं होतं मनात?" म्हटलं. "काही नाही मॅडम. फक्त गेलेलं काढायचं होतं."

अभ्यास सकाळी होतो. नुकसान संध्याकाळी होतं, आणि ते करणारा हात अभ्यास करणारा नसतो. पण संध्याकाळी बुकीला फोन लावायची हिंमत येते ती सकाळच्या अभ्यासातून, "मला कळतं, आज नशीब आडवं आलं, पुढची येणार", आणि थोडक्यात हुकलेली रेस तर अजून वाईट, मानेएवढ्या अंतरानं हरलेला घोडा त्यांना हरल्यासारखा वाटायचाच नाही, अंदाज बरोबर आल्यासारखा वाटायचा. म्हणून मला अभ्यास करून खेळणाऱ्यांची जास्त काळजी वाटते. आकड्यावर लावणाऱ्याला निदान ठाऊक असतं की नशीब आहे.

भाऊंचे आजोबा माळेगावच्या यात्रेत घोडे घ्यायचे. खंडोबाची यात्रा, घोड्यांचा बाजार, आपल्या भागात सगळ्यांना माहिती आहे. दात बघून वय सांगायचे, चालवून बघायचे, खूर उचलून बघायचे. "आमच्या रक्तातच घोडा हाय," असं भाऊ अभिमानानं म्हणाले होते. मी विचारलं, आजोबा एका यात्रेत किती घोडे घ्यायचे? म्हणाले, घेतला तर एक, नाही तर हात हलवत परत. त्यावर मी काही बोलले नाही. त्यांनी वही मिटली.

त्याच बैठकीत मी त्यांना सरळ विचारलं की जीव द्यावा असं कधी मनात आलं का. दुकान औषधांचं, कर्ज लपवलेलं, मला विचारणं भाग होतं, आणि असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात ते येतं हा गैरसमज आहे, उलट त्याला बोलायला वाट मिळते. बराच वेळ खाली बघून म्हणाले, एकदा शटर लावून आत बसलो होतो. त्या दिवशी ताईंना आणि भाऊंच्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं, दुकानाची किल्ली महिनाभर भावाकडं, त्याच आठवड्यात मानसोपचार तज्ज्ञांची वेळ, आणि 14416 हा टेली मानसचा नंबर दोघांच्या मोबाईलमध्ये माझ्यासमोर सेव्ह केला. हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालू आहे, मराठीत बोलता येतं. तुमच्या घरात असं काही जाणवत असेल तर पुढचं वाचायच्या आधी तिथं फोन करा.

व्यसन आहे का हे ओळखायला दोन साधे प्रश्न जगभर वापरतात: जास्त जास्त पैसे लावावेसे वाटलेत का, आणि किती लावले याबद्दल जवळच्यांशी खोटं बोलावं लागलंय का. एकालाही "हो" आलं तर नीट तपासायला हवं. भाऊंचे दोन्ही हो. दारू-गांजाच्या व्यसनांच्या शेजारी जुगाराला अमेरिकन मानसोपचारवाल्यांनी 2013 साली बसवलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही ते आहे, तेव्हा "मनावर घेतलं तर सुटेल" म्हणून घरच्यांनी वाट बघत बसू नये.

काय केलं ते थोडक्यात. सगळी देणी एका कागदावर, घरच्या मोठ्यांसमोर, एकही न लपवता. पैसे भाऊंच्या हातात न देता थेट कंपनीला, थेट गोल्ड लोनला, कारण एकरकमी हातात दिलेली मदत हमखास पुन्हा घोड्यावर जाते. यूपीआय आणि एटीएम ताईंकडं. जुना नंबर बंद. वही माझ्या कपाटात. "नुसता अभ्यास तरी करू द्या ना, पैसे न लावता," असं त्यांनी महिनाभर मागितलं आणि मी नाही म्हणाले, आणि मला ते बरोबरच वाटतं, कारण त्यांची पैज बुकीच्या फोनपासून सुरू होत नव्हती, रेसच्या दिवशी सकाळी निळं पेन उघडल्यापासून सुरू होत होती.

सगळ्यात अवघड गेली रविवारची दुपार, दोन ते सहा. ताई म्हणायच्या, घरात नुसत्या येरझाऱ्या घालायलेत. शेवटी त्यांनीच तोडगा काढला, रविवारी शेतावर जायचं, तिथं रेंज नाही.

फेब्रुवारीत, मुंबईत डर्बी ही मोठी रेस असते त्या दिवशी, ते घसरले. मित्राच्या फोनवरून दोन हजार. हरले. पण त्याच रात्री जेवायच्या आधी ताईंना सांगितलं, आणि ताईंनी, रडत का होईना, मला फोन लावून दिला. नऊ लाख लपवणाऱ्या माणसानं दोन हजार सांगितले. मी त्या दिवशी ताईंना म्हटलं, रागवा, पण सांगितलं म्हणून रागवू नका.

परवा ताईंचा फोन आला. माळेगावला गेले होते, लेकराला घेऊन, घोड्यांच्या बाजारात तास-दीड तास फिरले, भाऊंनी त्याला दात कसे बघायचे ते दाखवलं आणि रेवड्या घेऊन घरी आले. मेव्हण्याचे पैसे फिटलेत, कंपनीचं थोडं राहिलंय. गंठण सुटायला अजून दोन हप्ते आहेत.