एक मीटर कापड, एकच शिवण

मागच्या अंकात घरी शिवलेल्या साध्या स्कर्टबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना इथे उत्तरं देते.

प्रश्न : ताई, घरात सासूबाईंचं पायमशीन आहे. उशांचे अभ्रे आणि पडद्यांच्या सरळ टिपा मला जमतात. आता स्वतःसाठी बाजारात जाताना घालता येईल असा स्कर्ट शिवायचा आहे, पण कागदावरचं ड्राफ्टिंग बघितलं की हात थांबतो. माझी कमर ३० इंच आणि सीट, म्हणजे नितंबांचं माप, ३८ आहे. कापड किती घेऊ? – एक वाचक, मिरज

उत्तर : अभ्रा जमतो ना, मग हा स्कर्ट जमलाच म्हणून समजा. याला कागद लागत नाही.

दुकानात गेलात की आधी पन्ना, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. पॉपलीन बहुतेक वेळा ३६ किंवा ४४ इंच पन्न्याचं मिळतं. त्यात दोन तुकडे जोडावे लागतात. तुम्ही शर्टिंगच्या कपाटाकडे वळा. तिथे ५८ इंची पन्न्याचं छान सुती कापड मिळतं, चौकडीचं, बारीक रेघांचं, साधं निळंसुद्धा. त्यातलं एक मीटर पुरतं. आडवा पन्ना हाच तुमचा घेर. शिवण घातल्यावर ५७ इंच उरतो, म्हणजे ३८ सीटच्या दीडपट. चुण्या छान पडतात आणि पोटावर कापडाचा ढीग होत नाही. घेर नेहमी सीटवरून धरा, कमरेवरून नाही. इलॅस्टिकचा स्कर्ट सीटवरून वर चढायचा असतो हे विसरलं की तो कपाटातच पडून राहतो.

आता लांबी. मीटर म्हणजे ३९ इंचांहून थोडं जास्त. धुतल्यावर इंच-दीड इंच आटेल असं धरा. वर नेफ्यासाठी, म्हणजे इलॅस्टिक ओवायच्या दुमडीसाठी, पावणेदोन आणि खाली दुमडीला अडीच इंच जातात. ३३ इंचांचा स्कर्ट हातात येतो. साधारण सव्वापाच फूट उंचीला तो पोटरीच्या खाली बसतो. तुम्ही उंच असाल तर सव्वा मीटर घ्या. दुकानदार कात्री तिरकी चालवत असेल, तर दहा सेंटिमीटर जास्तीच मागा.

घरी आणलं की कापड रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळत घाला आणि किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. हे मी हात जोडून सांगते. माझ्या मुलीच्या शाळेतल्या गॅदरिंगसाठी मी पांढऱ्या सुती कापडाचा स्कर्ट शिवला होता. दुकानात कापड आटणार नाही म्हणून सांगितलं, मी विश्वास ठेवला. पहिल्याच धुण्यात स्कर्ट चार बोटं वर गेला. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. रात्री बसून खाली वेगळ्या कापडाची पट्टी लावली. ती पट्टी मुलीला अजून आठवते. तेव्हापासून न भिजवलेल्या कापडाला मी कात्री लावलेली नाही.

कापलेली बाजू सरळ आहे का ते बघा. आडवा एक दोरा सुईच्या टोकाने उचलून हळूच ओढा. कापडात बारीक रेघ दिसते, तिच्यावरून कापा. पट्टी लावून इतकी सरळ रेघ येत नाही.

मग काठाला काठ जोडून, उलट बाजूने अर्ध्या इंचावर टीप मारा. दोन्हीकडे काठच असल्यामुळे दोरे सुटत नाहीत, कड बांधायला ओव्हरलॉक लागत नाही. काठ ताणून धरतोय असं वाटलं तर त्याला दोन-दोन इंचांवर छोटे तिरके छेद द्या, शिवण सपाट बसते.

ही शिवण मागे घेऊ नका, उजव्या कुशीला घ्या. कारण खिसा! बायकांच्या कपड्यांना खिसा नसतो याचं मला खरंच वाईट वाटतं. किल्ली, सुटे पैसे, रुमाल, सगळं हातात धरून हिंडायचं. इथे एका खिशाला अर्धा तास लागतो. जुन्या मऊ परकराचे ७ बाय १० इंचांचे दोन तुकडे घ्या. शिवण घालायच्या आधीच, वरून सहा इंचांवर, एकेका काठावर एकेक तुकडा सुलटला सुलट ठेवून जोडा. मग कुशीची टीप वरून सुरू करा, खिशापाशी आली की पिशवीच्या कडेने फिरवून खाली पुन्हा कुशीत आणा. हात आत जाईल इतकं, म्हणजे सहा इंच तोंड उघडं राहिलं पाहिजे. माझ्या क्लासमधल्या मुली स्कर्ट झाला की आधी आरशात बघत नाहीत, आधी खिशात हात घालतात.

नेफ्याला वर अर्धा इंच आणि मग सव्वा इंच दुमडा. खालच्या कडेने टीप मारा, दोन इंच जागा मोकळी सोडा. इंचभर रुंदीचं इलॅस्टिक २९ इंच कापा. एका टोकाला सेफ्टी पिन लावून ओवा आणि दुसरं टोक कापडाला टाचून ठेवा, नाहीतर ते आत पळतं. दोन्ही टोकं इंचभर एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा, की कमरेला २८ येतं. मोकळी जागा शिवून टाका. शेवटी कुशीच्या शिवणीवर आणि तिच्या बरोबर समोर नेफ्यावरून इलॅस्टिकसकट एकेक उभी टीप मारली की इलॅस्टिक आत पिळत नाही.

खालच्या दुमडीला जुनं पोस्टकार्ड वापरा. कार्डावर कडेपासून दोन इंचांवर रेघ मारा. आधी कापडाची कड अर्धा इंच मुडपून इस्त्री करा. मग कार्ड आत धरून कड रेघेपर्यंत आणा आणि कार्डावरूनच इस्त्री फिरवा. कार्ड पुढे सरकवत जा. टेपने दर वीतभर मोजत बसण्यापेक्षा हे लवकर होतं आणि कुठेही कमी-जास्त होत नाही.

आणि मशीनला नारळाचं तेल घालू नका. ते आत चिकट होऊन बसतं. शिलाई मशीनचं पातळ तेल घाला, चिंधीवर थोडं शिवा, मग चांगलं कापड लावा. खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते आले तर बॉबिनला दोष द्यायच्या आधी प्रेसर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, वर उचलून वरचा दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. बहुतेक वेळा तो ताण देणाऱ्या चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नसतो.

प्रश्न : काकू, मी पुण्यात होस्टेलला राहते. मशीन नाही. हाताने शिवलेला स्कर्ट टिकेल का? – विद्यार्थिनी

उत्तर : टिकेल गं. वरचाच स्कर्ट शिव. फक्त कुशीला आणि नेफ्याला धावदोरा नको, उलटी टीप घाल. सुई एक टाका मागे जाऊन पुढे येते, म्हणून ताण पडला तरी शिवण उघडत नाही. इंचात आठेक टाके पुरेत. दोरा हातभरच घे. लांब दोरा घेतला की गाठी पडतात आणि वेळ वाचायच्या ऐवजी जातो. त्यावर मेण फिरवलंस तर आणखी चांगलं. खालची दुमड हातशिलाईची मशीनपेक्षा सुंदर दिसते, बाहेरून टाका दिसतही नाही. रोज तासभर बसलीस तर आठवड्यात होईल.

प्रश्न : मी पूर्ण गोल घेराचा स्कर्ट शिवला. अंगावर दोन ठिकाणी खाली लोंबतो. कापताना तर बरोबर होता. काय चुकलं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : कापण्यात चूक नाही, घाई झाली. गोल घेरात काही भाग उभ्या दोऱ्यावर येतो, काही उरेब, म्हणजे तिरका येतो. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. म्हणून नेफा झाला की स्कर्ट दोन दिवस हँगरला लटकवायचा. मग तो घालून उभं राहायचं आणि घरातल्या कुणीतरी जमिनीपासून पट्टीने मोजत खडूने खुणा करायच्या. त्यावरून कापून पाव इंचाची बारीक दुमड घालायची, गोल घेराला रुंद दुमड चुण्या पाडते. आताही दुमड उसवून हे करता येईल, एखाद इंच लांबी जाईल एवढंच.

पुढच्या वेळेसाठी हिशेब : इलॅस्टिकचा असेल तर सीटच्या मापाला ६.२८ ने भागा. ३८ ला सहा इंच येतात. ती मधल्या गोलाची त्रिज्या, तिच्यापुढे लांबी मोजायची. २६ इंच लांबीला ४४ पन्न्याचं सव्वातीन मीटर लागतं, दोन अर्धगोल काढून. नेफ्याची पट्टी उरलेल्या कोपऱ्यांतून जोडून निघते.

प्रश्न : आईने जपून ठेवलेला खणाचा तागा आहे, हातमागाचा, कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. कापायला जीव होत नाही. नातीसाठी काही करता येईल का? – एक आजी, सोलापूर

उत्तर : आजी, तुमची भीती मला कळते. पण खणाचा स्कर्ट करायला कापड फारसं कापावंच लागत नाही. हातमागाच्या खणाचा पन्ना अरुंद, तिसेक इंचांचा असतो. तो पन्ना उंचीला धरा. एक काठ आपोआप स्कर्टच्या खाली येतो, दुमडही लागत नाही. लांबीच्या बाजूने घेर घ्या, आठ-नऊ वर्षांच्या मुलीला दोन मीटर भरपूर. आपला परकर असाच तर शिवायचे.

नात अजून लहान, उंचीला खण जास्त होईल. तो कापू नका. नेफ्याच्या खाली आतल्या बाजूला आडवी दुमड घालून सैल टाक्याची टीप मारा. दर वर्षी ती थोडी उसवून लांबी सोडता येते. आतून मऊ सुती अस्तर वेगळं लावा, ते आधी भिजवलेलं हवं. पण खण भिजवू नका, जुना रंग जायची भीती असते. एका कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून बघा. रंग उतरला तर स्कर्ट ड्रायक्लीनिंगलाच द्यायचा.

दोन मीटर काढून घेतल्यावर उरलेला तागा पुन्हा सुती पंचात गुंडाळून ठेवा, आणि वर्षातून दोनदा त्याच्या घड्या बदला.