आधी रेघोट्या, मग अक्षरं

शाळा सुरू झाल्या की तोच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो: ‘मूल नुसती चित्रं काढत बसतं, लिहीत नाही.’ म्हणून या वेळी त्याच विषयावरची पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मुलगी दोन वर्षांची आहे, भिंती रंगवून ठेवते. ओरडावं का?

नको. तिच्या उंचीवर जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू चिकटवा आणि हातात जाड खडू द्या.

प्रश्न : मुलगा पावणेचार वर्षांचा आहे. शाळेतून रोज पानभर ‘अ’ गिरवायला येतो, तेव्हा रडतो. चित्रं मात्र तासभर काढतो. बाई म्हणतात, मागे पडेल. चित्रं बंद करू का?

चित्रं नव्हे, ते पान बंद करायला हवं. मनगटात ८ छोटी हाडं असतात. जन्मतः ती नुसती कूर्चा, म्हणजे मऊ, लवचिक भाग असते आणि या वयात त्यांतली काही अजून हाडं व्हायचीच असतात. साधारण ३ वर्षांचं मूल गोल काढतं, ४ च्या सुमारास अधिकचं चिन्ह, त्यानंतर चौकोन, आणि त्रिकोण पाचाच्या पुढे. आता ‘अ’ बघा: दोन अर्धगोल, आडवी रेघ, उभा दंड, वर शिरोरेघ. एवढं सगळं एका अक्षरात!

माझ्याकडे आलेल्या एका चार वर्षांच्या मुलानं एसटी काढली होती. दोन चाकं, खिडक्या, वर घंटीची दोरी. दोरीपाशी नागमोडी रेघ होती. विचारलं तर म्हणाला, “हा टिंग टिंग.” आवाजासाठी त्यानं खूण शोधली होती. अक्षर म्हणजे दुसरं काय असतं? हे मूल लिहायच्या उंबरठ्यावर आहे, आणि आपण त्याला ठिपके जोडायला बसवतो.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी या गावात बालवाडी सुरू केली, तेव्हा परिसरातली पानं, बिया, शिंपले हीच साधनं केली. २०२० चं शैक्षणिक धोरणही ३ ते ८ या वयात खेळातून शिकण्यावर भर देतं. तरी वह्या भरतातच, कारण भरलेली वही पालकांना दाखवता येते. पालकसभेची वाट न पाहता बाईंना भेटा. रडणं थांबलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांशी बोला.

प्रश्न : मुलगी सगळं काळ्या रंगानंच काढते. जाऊबाई म्हणतात, मनात भीती आहे.

एका रंगावरून मन कळत नाही. पांढऱ्या कागदावर काळा ठसठशीत उमटतो, म्हणूनही मुलांना आवडतो. झोप, जेवण किंवा बोलणं बदललं असेल, तर मात्र बालमानसतज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : ‘उजवा मेंदू जागृत करणारा’ चित्रकला क्लास सहा महिन्यांची फी आगाऊ मागतो. घालावं का?

घालू नका. चित्र काढताना मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात, त्याला फी पडत नाही. जिथे तीस मुलं एकच छापील मोर रेघेच्या आत रंगवतात, तिथे चित्र छापणाऱ्यानं काढलेलं असतं, मुलानं नाही.

प्रश्न : मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. खडू मुठीत धरतो, गोल जमत नाही. सासूबाई म्हणतात, मुलगे उशिराच शिकतात. दीड वर्ष वाट पाहतो आहोत.

आता एक आठवडाही थांबू नका. नजर तपासून घ्या आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अनेक जिल्हा रुग्णालयांत मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणारं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे चौकशी करा. कदाचित थोडा सराव पुरेल, कदाचित ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून तज्ज्ञांनी करून घेतलेला सराव, लागेल. ते पत्रावरून सांगणार नाही. जाताना त्यानं काढलेले सगळे कागद न्या, चांगले-वाईट न निवडता, मागे तारीख घालून.