चिमीच्या कानात काय काढायचं?

प्रश्न : नमस्कार ताई. मी कोपरखैरण्याला राहते, चित्रं काढते. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी एक चित्रपुस्तक करतेय. त्यातल्या चिमीला ऐकू येत नाही, म्हणून वर्गात तिच्याशी कोणी खेळत नाही. शेवटच्या पानावर तिला यंत्र मिळतं, कोकीळ ऐकू येते आणि सगळी मुलं तिच्याभोवती गोळा होतात. एका मैत्रिणीला हा शेवट खटकला, पण का ते तिला सांगता येईना. तुम्ही कर्णबधिर मुलांना शिकवलंय, म्हणून विचारते. आणि यंत्र नेमकं कसं काढायचं?

उत्तर : मैत्रिणीला खटकलं ते मलाही खटकलं. मुलं चिमीकडे फिरकत नव्हती, त्यात तिच्या कानांचा काय दोष? तरी तुम्ही दुरुस्त केलेत ते तिचे कान. वर्गातली पोरं होती तशीच राहिली. यंत्र लावणारं एखादं मूल हे पुस्तक वाचून विचारेल, मला तर यंत्र आहे, मग मधल्या सुट्टीत मी एकटा का?

आणि कोकिळेचं म्हणाल, तर इतकं झटपट काही होत नाही. कॉक्लिअर इम्प्लांटची, म्हणजे कानाच्या आत बसवायच्या यंत्राची, शस्त्रक्रिया झाल्यावर यंत्र सुरू करतात ते साधारण काही आठवड्यांनी, आणि त्या दिवशी कितीतरी मुलं दचकतात, भोकाड पसरतात. मग मॅपिंगच्या, म्हणजे यंत्र त्या मुलाच्या ऐकण्याशी जुळवून घेण्याच्या, फेऱ्या आणि ऐकायला-बोलायला शिकवणारी थेरपी. कुकरची शिट्टी कुठली आणि दाराची बेल कुठली, एवढं उमगायलाही वेळ जातो.

चिमीला ऐकू येण्याखेरीज दुसरं काहीतरी हवं असू द्या. ठाणे स्टेशनच घ्या. गाडी दुसऱ्या फलाटावर येणार अशी घोषणा होते आणि गर्दी एकदम जिन्याकडे वळते, हे तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. चिमीला मावशीकडे बारशाला वेळेत पोचायचंय. घोषणा तिच्यापर्यंत पोचत नाही, पण वळलेल्या माना आणि उचललेल्या पिशव्या तिला आधी दिसतात. आजी मोबाइलवर बोलण्यात गर्क. चिमी तिचा पदर ओढते, बदललेला इंडिकेटर दाखवते. इथे ती बिचारी नाही आणि झाशीची राणीही नाही. तुम्हालाही काढायला भरपूर आहे.

आता यंत्र. नवखे चित्रकार कानात ब्लूटूथची गोळी काढून मोकळे होतात. कानामागच्या श्रवणयंत्राचा मुख्य भाग कानाच्या पाठीशी बसतो, तिथून एक पारदर्शक बारीक नळी पुढे येते आणि कानाची वाटी भरून टाकणाऱ्या मोल्डला जोडलेली असते. मोल्ड त्या-त्या कानाचं माप घेऊन बनवतात. मूल वाढलं की तो सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं. कोणी घट्ट मिठी मारली तरी मारतं! इम्प्लांटचं वेगळं. कानामागे आवाज टिपणारा प्रोसेसर, त्यातून निघालेली वायर आणि वर केसांत चुंबकाने चिकटलेली गोल चकती. दोन्हीची सरमिसळ करू नका. झोपताना यंत्र काढून ठेवतात, तेव्हा अंथरुणातल्या चिमीच्या कानाला काही नको, उशाशी डबी हवी. मोल्ड कातडीच्याच रंगाचा हवा असंही नाही. निवड मुलांवर सोडली तर ती खुशाल निळा-लाल मागतात.

वर्गाच्या चित्रात बाई खिडकीला पाठ करून उभ्या नकोत. चेहरा अंधारात गेला की चिमीने ओठ वाचायचे कसे? तसंही ओठांवर सगळं दिसत नाही. आवाज न काढता आरशासमोर ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ म्हणून बघा. या घोटाळ्यावर एक झकास विनोदी पान होईल.

चिमी खुणांची भाषा बोलणार असेल तर हात मनाने काढू नका. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशाचे व्हिडिओ फुकट बघायला मिळतात. एकच खूण दोन-तीन ठिकाणी थांबवून बघा आणि जिथे ती ओळखू येते तो क्षण काढा, हालचालीला बाण द्या. हातांइतक्याच भुवयाही काढा. चेहरा मख्ख असला तर प्रश्न आहे की विधान, हेच कळत नाही.

कच्ची पानं आधी एखाद्या कर्णबधिर चित्रकाराला किंवा शिक्षकाला दाखवा, आणि त्याचं मानधन प्रकाशकाकडून आधीच कबूल करून घ्या. फुकटात ‘जरा बघून द्या’ म्हणणारे फार भेटतात.