पॉझिट्रॉन आणि बाबांचा बोल्ट

प्रश्न: मी ठाण्यात एस.वाय.बी.एस्सी. फिजिक्सला आहे, राहते कळव्याला. आजोबांच्या पेट स्कॅनसाठी खारघरला गेलो, तेव्हा ‘पॉझिट्रॉन’ पहिल्यांदा पुस्तकाबाहेर भेटला. मग वाचलं, की त्याने धातूंचे पृष्ठभागही तपासतात. मला तेच करायचंय. बाबा रबाळे एमआयडीसीत प्लेटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. ते म्हणतात, “यात नोकरी कुठाय? डेटा सायन्सचा कोर्स लाव.” काय करू?

उत्तर: तुझं पत्र वाचून आनंद झाला. बाबांची काळजीही रास्त आहे. पण या विषयाच्या सगळ्यात जवळ तुमच्या घरात कुणी असेल, तर ते बाबाच आहेत.

त्यांना विचार, जास्त ताकदीच्या स्टीलच्या बोल्टवर झिंक चढवलं की तो लगेच भट्टीत 200 अंशांच्या आसपास तासन् तास का ठेवतात? प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो. तो बाहेर काढला नाही, तर वरून चकचकीत दिसणारा बोल्ट कसल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, अचानक तुटतो. बिघाड आत, अणूंच्या पातळीवर असतो. तिथे पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा धन विद्युतभार असलेला जुळा कण, कामाला येतो.

धातूत एखादा अणू जागेवर नसेल, तर तिथे धन केंद्रकही नसतं. पॉझिट्रॉन स्वतः धन, म्हणून तो अशा रिकाम्या जागेत जाऊन अडकतो. तिथे इलेक्ट्रॉन विरळ असल्यामुळे तो थोडा जास्त जगतो. निर्दोष लोखंडात त्याचं आयुष्य साधारण 110 पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही हजारावा भाग), एका अणूच्या रिकाम्या जागेत 175 च्या आसपास. मोजायचं कसं? सोडियम-22 या किरणोत्सारी सोडियममधून पॉझिट्रॉन निघतो, तेव्हा जवळजवळ त्याच क्षणी 1275 केईव्हीचा (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) गॅमा किरण सुटतो. ती जन्माची वर्दी. इलेक्ट्रॉन भेटून तो संपतो, तेव्हा 511 केईव्हीचे दोन किरण निघतात. या दोन्हींमधला वेळ म्हणजे त्याचं आयुष्य. आजोबांच्या स्कॅनमध्ये मशीन हेच 511 चे किरण टिपत होतं.

पृष्ठभागासाठी मात्र हे पॉझिट्रॉन फार वेगवान, ते खोल जातात. म्हणून टंगस्टनच्या पातळ पत्र्यातून त्यांना आधी मंद करतात. दहा हजारांतून जेमतेम काही हाती लागतात. मग हवा तेवढा वेग देऊन ठरवलेल्या खोलीवर थांबवायचे. जपानमध्ये त्सुकुबाच्या केईके या प्रयोगशाळेत अशा पॉझिट्रॉनच्या झोताने स्फटिकाचा सगळ्यात वरचा थर बघतात. आपल्याकडे ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि कल्पाक्कमचं आयजीसीएआर (इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र) या दोन्ही ठिकाणी पॉझिट्रॉनवर काम होतं.

आता स्पष्ट सांगते. ‘पॉझिट्रॉन’ नावाची नोकरी नसते आणि देशात या प्रयोगशाळा मोजक्याच आहेत. म्हणून एवढ्या एका उपकरणावर आयुष्य लावू नकोस. प्रायोगिक फिजिक्स निवड, त्यातही कंडेन्स्ड मॅटर (घन पदार्थांचं फिजिक्स) किंवा न्यूक्लियर. व्हॅक्यूम पंप, डिटेक्टर, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आणि पायथॉनवर डेटा सोडवणं, एवढं हाताला लागलं की कोटिंग, सेमीकंडक्टर, मेडिकल उपकरणं अशा जागीही ते चालतं. बाबांच्या डेटा सायन्सला मी नाही म्हणत नाही. ते शिक, पण यासाठी शिक.

पुढच्या वर्षी आयआयटी जॅम ही एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे, एम.एस्सी. चांगल्या ठिकाणी कर. त्यानंतर बीएआरसीचं ट्रेनिंग स्कूल, नाहीतर नेट-जेआरएफ किंवा जेस्ट या परीक्षांमधून पीएच.डी. जेआरएफ या संशोधन फेलोशिपला 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात, हे बाबांना जरूर सांग. पाचेक वर्षं लागतात, हेही सांग. लपवलंस तर पुढे तुलाच जड जाईल. ट्रेनिंग स्कूलला पदवीत किमान 60 टक्के लागतात, तेव्हा प्रॅक्टिकलचे मार्क सोडू नकोस. तिन्ही विज्ञान अकादमींच्या समर फेलोशिपचा फॉर्म भर. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही तुला लांब नाही, ट्रान्सहार्बरने वाशी आणि तिथून हार्बर. पदवीच्या मुलांसाठी तिथे काय चालतं ते एकदा जाऊन विचार.

त्याआधी या रविवारी एक कर. बाबांकडून एक तुटलेला बोल्ट मागून घे आणि तुटलेली बाजू कॉलेजच्या मायक्रोस्कोपखाली धर. भेग कुठून सुरू झाली, ते दोघं मिळून शोधा. काय दिसलं ते मला कळव.