मुलगा फ्रीजची घरघर रेकॉर्ड करत बसतो, यात करिअर आहे का?

तुमचं पत्र वाचलं. मुलाचं शाळेचं शेवटचं वर्ष, मार्क चांगले, पण रात्र रात्र फ्रीजला नाहीतर जिन्याच्या कठड्याला माइक चिकटवून रेकॉर्डिंग करतो, त्यालाच संगीत म्हणतो आणि आता म्हणतोय की साउंड आर्ट, म्हणजे आवाज हेच माध्यम असलेली कला, तेच करणार, इंजिनिअरिंग नको. हे खूळ आहे की करिअर, आणि साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स लावून दिला तर मधला मार्ग निघेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधी कोर्सचं बोलू, कारण बरेच पालक तिथेच फसतात. साउंड इंजिनिअरिंगमध्ये मुख्य शिकवतात ते आवाज स्वच्छ कसा पकडायचा आणि घरघर कशी काढून टाकायची, आणि तुमचा मुलगा तर नेमकी ती घरघरच गोळा करत फिरतोय! कोर्स वाईट नाही हो, स्टुडिओत काम करायचं तर तो हवाच, पण नुसतं 'साउंड' हे नाव बघून त्याला तिथे अडकवू नका.

आता खूळ म्हणाल तर ते बरंच जुनं आहे. पिएर शेफर हा फ्रेंच रेडिओतला इंजिनिअर, त्याने १९४८ मध्ये रेल्वेचे आवाज रेकॉर्ड करून त्यांचीच रचना केली. संगीतकार झेनाकिस शिकलेला सिव्हिल इंजिनिअर, आर्किटेक्ट ल कोर्बुझिएच्या ऑफिसात काम करायचा. या क्षेत्रात सगळीकडे वापरतात ती मॅक्स आणि प्युअर डेटा ही आवाज घडवायची सॉफ्टवेअर्स ज्याच्या डोक्यातून निघाली तो मिलर पकेट गणितातला. २०१० चं टर्नर प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं समकालीन कलेचं मोठं बक्षीस, सुझन फिलिप्सला मिळालं, ते पुलांखाली स्वतःच्या आवाजात गायलेल्या गाण्याच्या कामासाठी, आणि ती शिकली होती शिल्पकला. म्हणजे इथे माणसं बहुतेक बाजूच्या दाराने आलीयेत, त्यामुळे इंजिनिअरिंग की साउंड आर्ट हे तुमच्या घरातलं भांडण मला तरी उगाचच वाटतं. इलेक्ट्रॉनिक्स, सिग्नल प्रोसेसिंग, अकूस्टिक्स, फाइन आर्ट, यातलं काहीही शिकला तरी इथे ते वाया जात नाही.

पैशाचं स्पष्टच सांगतो, साउंड आर्टिस्ट अशी नोकरीची जाहिरात येत नाही. निव्वळ कमिशन (कुणी सांगून करून घेतलेलं काम) आणि रेसिडेन्सीवर (एखाद्या संस्थेत राहून काम करायची संधी) घर चालवणारे थोडे, बाकीचे नाटक, डान्स, सिनेमा, गेम्ससाठी साउंड डिझाइन करतात, शिकवतात, कोडिंग करतात, म्युझियमच्या इन्स्टॉलेशनची तांत्रिक बाजू सांभाळतात आणि त्यातून स्वतःचं काम करतात. हे त्याला आत्ताच माहीत असू दे.

त्याला खरंच गती आहे का हे बघायला एक करा, त्याला विचारा की पिएझो डिस्क (वस्तूला चिकटवून तिची थरथर पकडणारी चकती) थेट साध्या लाइन इनपुटला लावली की आवाज पातळ आणि पत्र्यासारखा का येतो. पिएझोला खूप जास्त इम्पीडन्सचा (विद्युत अडथळ्याचा) इनपुट लागतो, तो नसेल तर खालचा बेस गळून जातो, म्हणून मध्ये छोटा प्रीॲम्प (सिग्नल सांभाळून पुढे देणारं सर्किट) घालतात. हे त्याने स्वतः शोधून काढून, सोल्डरिंग करून सोडवलं असेल तर मी म्हणेन पोरगा नुसती हौस करत नाहीये.

दुसरं, संगीतकार ॲल्विन ल्युसिअरचं १९६९ चं काम त्याला घरी करू दे. आपलं बोलणं रेकॉर्ड करायचं, ते त्याच खोलीत स्पीकरवर वाजवून परत रेकॉर्ड करायचं, मग ते रेकॉर्डिंग वाजवून परत, असं करत गेलं की हळूहळू शब्द विरघळतात आणि खोलीच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सी तेवढ्या गुणगुणत उरतात. (फोनवर करणार असेल तर नॉइज रिडक्शन आणि ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणं, बंद करायला सांगा, नाहीतर खोली राहील बाजूला आणि फोनच ऐकू येईल.) मग त्याच पद्धतीतून स्वतःचं काहीतरी करायचं आणि ते पूर्ण करायचं. पूर्ण करायचं यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, कारण अशा मुलांच्या हार्ड डिस्कमध्ये शेकडो क्लिप असतात पण सुरुवात आणि शेवट असलेलं एकही काम नसतं.

ॲडमिशनला तेच लागतं. नेदरलँड्समधल्या द हेगच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर या संगीताच्या कॉलेजमध्ये इन्स्टिट्यूट ऑफ सोनॉलॉजी आहे, तिथे बॅचलर, मास्टर आणि एक वर्षाचा कोर्सही आहे, त्याने ते बघून ठेवावं. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेचं नाव तो घेत असेलच, पण त्याला अजून वेळ आहे, आधी कंपोझिशनचा, म्हणजे संगीतरचनेचा, पाया हवा. पोर्टफोलिओत तीन-चार पुरी कामं आणि प्रत्येकाबरोबर काय केलं, का केलं हे साध्या भाषेत अर्धं पान. हे लिहायला मुलं फार कंटाळतात, त्याच्या मागे लागा.

महागडी उपकरणं आत्ता घेऊ नका. प्युअर डेटा आणि सुपरकोलायडर (कोड लिहून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर) दोन्ही फुकट आहेत, त्यातलं एक नीट शिकला तरी वर्ष जाईल. आणि हेडफोन घालून फीडबॅकचे, म्हणजे बाहेर आलेला आवाज परत आत फिरवायचे, प्रयोग करत असेल तर ते आजच थांबवा, स्पीकरवर कर म्हणावं, आधी लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारी सोय) लावून आणि आवाज कमी ठेवून, कारण फीडबॅक एकदम उसळतो आणि कानाला झालेली इजा बऱ्याचदा कायमची असते.