वजनाच्या ऑपरेशनसाठी आत्ता कर्ज काढावे, की विम्याची मुदत भरू द्यावी?

प्रश्न : मी सेलू, जिल्हा परभणी येथे राहते. वय ४१, उंची १६० सेंटिमीटर, वजन ९६ किलो. सहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि गोळ्या वाढवूनही एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ९.१ आले आहे. छत्रपती संभाजीनगरच्या एका खासगी रुग्णालयाने स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची शस्त्रक्रिया) सुचवली असून ३,४०,००० रुपयांचे पॅकेज सांगितले आहे. फायनान्स कंपनी १४ टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज द्यायला तयार आहे. आमच्या कुटुंबाची पाच लाखांची आरोग्य विमा पॉलिसी आहे, तिला येत्या जानेवारीत तीन वर्षे होतील. त्या पॉलिसीत या ऑपरेशनसाठी विमा रकमेच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे. मुलीच्या लातूरच्या अकरावी-बारावीसाठी पतसंस्थेत ३ लाखांची ठेव ठेवली आहे. यजमानांचे कृषी सेवा केंद्र आहे, हिशेब मी पाहते. घरात काही जण याला हौस म्हणतात. पैसे कसे उभे करावेत? एक गोष्ट आणखी : पॉलिसी घेताना एजंटने फॉर्मवर माझे वजन ६८ लिहिले होते, तेव्हा ते ८८ होते. मधुमेह मात्र लिहिलेला आहे.

उत्तर : ताई, आधी घरातल्या त्या शब्दाविषयी. गोळ्या वाढवूनही साखर ९.१ वर राहणे म्हणजे डोळे, मूत्रपिंड आणि हृदय यांना रोज इजा होत राहणे आहे, आणि त्या इजेचा पुढचा खर्च आजच्या पॅकेजपेक्षा कितीतरी मोठा असतो. तेव्हा हा खर्च हौसेचा नाही. तो करावा की नाही, हा प्रश्न तुमचा आणि तुमच्या डॉक्टरांचा आहे. तो केव्हा आणि कोणत्या पैशातून करावा, एवढ्यावर मी बोलतो. माझे मत असे की, डॉक्टरांना आठ-नऊ महिने थांबणे सुरक्षित वाटत असेल, तर आत्ता मे महिन्यात कर्ज काढू नका, पॉलिसीची तीन वर्षे पूर्ण करा आणि फेब्रुवारीत ऑपरेशन करा.

याचे कारण विम्याच्या अटींमध्ये आहे. विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेविषयीचे कलम सर्व कंपन्यांसाठी सारखे केले. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार असावी, रुग्ण किमान १८ वर्षांचा असावा, आणि बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) ४० किंवा अधिक असावा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर हृदयाच्या स्नायूंचा लठ्ठपणामुळे झालेला आजार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप-२ मधुमेह यांपैकी एक असावा लागतो, आणि वजन कमी करण्याचे साधे उपाय करूनही यश आलेले नसावे. तुमचा बीएमआय ३७.५ येतो, म्हणजे तुमचा दावा पूर्णपणे मधुमेहावर उभा राहणार आहे. रुग्णालयात तुम्हाला ‘तुम्ही पात्र आहात’ असे सांगितले असेल, ते वैद्यकीय निकषाने बरोबरच आहे. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये बीएमआय ३५ च्या वर दुसरा आजार नसला तरी शस्त्रक्रियेची शिफारस केली आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करता येईल असे म्हटले. पण विमा कंपनी दावा तपासते तो पॉलिसीतील कलमावरून. डॉक्टरांच्या होकारावर विसंबून अनेक कुटुंबे दाखल होतात आणि कॅशलेस (कंपनीने थेट रुग्णालयाला पैसे देणे) नाकारले गेल्यावर रात्रीत पैसे गोळा करतात.

तुमचा मधुमेह पॉलिसीच्या आधीचा असल्यामुळे त्याला प्रतीक्षा कालावधी लागू आहे, म्हणजे तो संपेपर्यंत त्या आजाराचा दावा मिळत नाही. हा कालावधी आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. काही पॉलिसींत या शस्त्रक्रियेसाठी वेगळा कालावधीही असतो, म्हणून पॉलिसीची पूर्ण प्रत वाचून नेमकी तारीख कंपनीकडून ई-मेलवर लेखी घ्या. जानेवारीचे नूतनीकरण एक दिवसही चुकवू नका.

थांबणे म्हणजे उपचार थांबवणे नव्हे. साधे उपाय फसले, हे सिद्ध करायला कागद लागतात आणि बहुतेकांकडे ते नसतात. आजपासून एका फिजिशियनकडे आणि आहारतज्ज्ञाकडे दर महिन्याला जा. प्रत्येक वेळी केसपेपरवर तारीख, वजन, रक्तदाब, दिलेला आहार आणि औषधे लिहून घ्या. दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करा आणि प्रत्येक पावती एका फायलीत लावा. या काळात साखर खरोखरच आटोक्यात आली, तर दाव्याची बाजू कमजोर होईल, पण तब्येत सुधारेल. तसे झाले तर ते मनापासून स्वीकारा. दाव्यासाठी औषध टाळण्याचा विचारही मनात आणू नका. वजनाची नवी इंजेक्शने २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली आहेत, त्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. मात्र तो दरमहा चालू राहणारा खर्च आहे, औषध बंद केल्यावर वजन बरेचदा परत चढते, आणि बाह्यरुग्ण औषधांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती फॉर्मवरच्या ६८ या आकड्याची. फॉर्म एजंटने भरला असला तरी सही तुमची आहे, आणि कंपनीच्या लेखी ते निवेदन तुमचेच ठरते. पॉलिसीला सलग ६० महिने होईपर्यंत कंपनी चुकीच्या माहितीच्या कारणावरून दावा नाकारू शकते. त्यानंतर मात्र फसवणूक सिद्ध केल्याशिवाय तसे करता येत नाही. वजनाच्याच शस्त्रक्रियेचा दावा आणि फॉर्मवर वजनच वीस किलो कमी, ही विसंगती तपासणाऱ्याच्या पहिल्याच नजरेत भरेल. म्हणून याच आठवड्यात कंपनीकडून त्या फॉर्मची (प्रपोजल फॉर्मची) प्रत मागवा आणि तेव्हाचे खरे वजन, ते सिद्ध करणारा जुना केसपेपर असल्यास तो जोडून, दुरुस्तीचा अर्ज ई-मेल आणि स्पीड पोस्ट अशा दोन्ही मार्गांनी पाठवा. कंपनी हप्ता वाढवील, काही अट घालील, पॉलिसी पुढे चालवायला नकार देण्याचीही शक्यता आहे. हा धोका मी लपवत नाही. पण हे उत्तर ऑपरेशनच्या टेबलावर जाण्यापूर्वी मिळणे आणि भूल उतरल्यानंतर मिळणे, यांत तुमच्या घराचे अडीच लाख रुपये आहेत. उत्तर अन्यायाचे वाटले, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे आणि नंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. लोकपालांकडे शुल्क लागत नाही.

आता पॅकेज. ३,४०,००० मध्ये काय आहे ते रुग्णालयाच्या शिक्क्यानिशी मागा. या शस्त्रक्रियेत जठर कापतानाच टाके घालणारा स्टेपलर वापरतात आणि त्याची कार्ट्रिज एकदाच वापरता येते. बिलातला मोठा वाटा या कार्ट्रिजचा असतो. पॅकेजमध्ये किती कार्ट्रिज धरल्या आहेत आणि एखादी जास्त लागली तर दर काय, हे विचारा. टाक्यातून गळती किंवा रक्तस्राव झाल्यास आयसीयूचे दिवस पॅकेजबाहेर असतात का, खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेत बसते का, हेही विचारा. भाडे मर्यादेबाहेर गेले तर अनेक पॉलिसींत बाकीच्या बिलातूनही त्याच प्रमाणात कपात होते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची नेमकी शस्त्रक्रिया बसते का, हा प्रश्न योजनेत सामील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) जरूर विचारा, पण त्यावर हिशेब बांधू नका.

ऑपरेशननंतरचा खर्च कोणी सांगत नाही. पहिले काही आठवडे पातळ आहार, प्रोटीन पावडर, मग बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व. यांतली काही आयुष्यभर घ्यावी लागतात. ठरावीक अंतराने रक्त तपासण्या आणि सेलू ते संभाजीनगर रेल्वेच्या फेऱ्या असतात. वजन झपाट्याने उतरल्याने काहींना पित्ताशयात खडे होतात. सैल झालेल्या त्वचेची शस्त्रक्रिया सहसा सौंदर्योपचार ठरवून विम्याबाहेर ठेवली जाते. पहिल्या वर्षासाठी मी तुमच्या हिशेबात ५०,००० धरतो.

आकडे जुळवू. विम्याची मर्यादा २,५०,००० वजा केल्यास पॅकेजचे ९०,००० उरतात. विमा न देणाऱ्या वस्तू, आधीच्या तपासण्या व प्रवास यांसाठी ३०,००० आणि पहिल्या वर्षाचे ५०,००० मिळून तुमच्या खिशातून १,७०,००० जातील. याउलट आत्ता कर्ज काढले, तर ३६ महिने सुमारे ११,६०० चा हप्ता आणि ७८,००० च्या आसपास व्याज भरावे लागेल, शिवाय नंतरचा खर्च वेगळा. त्याहून गंभीर बाब अशी की, प्रतीक्षा कालावधीत स्वखर्चाने ऑपरेशन केल्यास त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीच्या दाव्यावरही कंपनी आक्षेप घेऊ शकते.

जो हप्ता तुम्ही फायनान्स कंपनीला द्यायला तयार होतात, तोच मेपासून डिसेंबरपर्यंत बँकेच्या आवर्ती ठेवीत टाका. आठ महिन्यांत ९२,८०० जमतील. मे-जून हा तुमच्या दुकानात बियाणे आणि खते भरण्याचा काळ आहे, त्या भांडवलातून एक रुपयाही काढू नका. सोयाबीन बाजारात गेल्यावर दिवाळीच्या सुमारास उधारी वसूल होते, तेव्हा उरलेले ७७,००० आणि त्यावर एक लाखाची राखीव रक्कम बाजूला काढण्याचा प्रयत्न करा. पाऊस दगा देईल आणि उधारी अडकेल, हे मराठवाड्यात गृहीत धरूनच चालावे लागते. तसे झाले तर राखीव रकमेपुरते सोने गहाण ठेवण्याची तयारी असू द्या. फेब्रुवारीत दुकानाचा हंगाम मंद असतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांची विश्रांतीही मिळेल.

मुलीच्या ठेवीला हात लावू नका. मुदत संपल्यावर ती पतसंस्थेतून बँकेत हलवा, कारण बँकेतील ठेवींना पाच लाखांपर्यंतचे जे ठेव विमा संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना नसते.

डॉक्टरांनी तपासून ‘थांबू नका’ असे लेखी सांगितले, तर माझा सल्ला बदलतो. तेव्हा विम्याची वाट पाहायची नाही. फायनान्स कंपनीऐवजी राष्ट्रीयीकृत किंवा जिल्हा बँकेतून सोनेतारण कर्ज घ्या. साधारण सोन्याच्या किमतीच्या तीन चतुर्थांश रक्कम मिळते आणि व्याज वैयक्तिक कर्जापेक्षा कमी असते. पीक कर्ज या कामाला वापरू नका, वेळेत फेड झाली नाही तर व्याजाची सवलत जाते. रुग्णालयाने ‘बिनव्याजी हप्ते’ देऊ केले, तर रोख भरल्यास किती कमी होतात हे आधी विचारा, आणि दोन्ही रकमांतला फरक तसेच प्रक्रिया शुल्क सोनेतारणाच्या व्याजाशी ताडून पाहा.